तर्काचे प्रश्न ओळखायचे कसे? विधी प्रवेश परीक्षा देणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जायचं ठरवलेल्या मुलामुलींना, आणि पदवीनंतर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्यांनाही, तर्काच्या विभागात साधारण त्याच त्याच शंका येतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारे असोत की कोथरूडला घरी बसून तयारी करणारे, अडतात त्याच जागी. त्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. उदाहरणांतले उतारे सरावासाठी रचलेले आहेत. त्यातल्या घटना खऱ्या समजू नका. जिथे खरी घटना आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कोणत्या परीक्षेत तर्काचे कोणते प्रश्न येतात?

परीक्षेनुसार बराच फरक पडतो, आणि तो न पाहता अभ्यास सुरू केला तर महिने वाया जातात.

क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, २०२० पासून तर्काचा विभाग उताऱ्यांवर आधारलेला आहे. साधारण ४५० शब्दांचा उतारा आणि त्याखाली प्रश्नांचा संच. सध्याच्या रचनेत एकूण १२० प्रश्न, १२० मिनिटं, आणि त्यात तर्काचे २२ ते २६ प्रश्न. चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण जातात. इथे मुख्य भर युक्तिवाद समजण्यावर आहे: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, काय न सांगता धरून चालतो.

महाराष्ट्राची विधी सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. लॉ कॉलेज रोडवरच्या आयएलएसपासून राज्यभरातल्या विधी महाविद्यालयांचे प्रवेश तिच्यातून होतात. तिथे ऋण गुण नाहीत, आणि तर्काच्या विभागात छोटे सुटे प्रश्न असतात: विधान आणि गृहीतक, विधान आणि निष्कर्ष, मालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा, बैठक व्यवस्था.

व्यवस्थापनाकडेही डोळा असेल तर एमबीए सीईटीत २०० पैकी ७५ प्रश्न तर्काचे आणि २५ आकृत्यांच्या अमूर्त तर्काचे असतात, वेळ १५० मिनिटं. सिम्बायोसिसच्या स्नॅपमध्ये ६० पैकी २५ प्रश्न या विभागाचे. विधी शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांच्या एलसॅट या प्रवेश परीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून मांडणीची कोडी काढून टाकली आहेत आणि युक्तिवादाच्या प्रश्नांचं वजन वाढलं आहे. तिथल्या जुन्या प्रश्नपत्रिका क्लॅटवाल्यांनाही सरावाला उत्तम आहेत.

या पानावर जास्त जागा युक्तिवादाच्या प्रश्नांना दिली आहे, कारण बैठक व्यवस्था सरावाने जमते. युक्तिवादात मात्र वर्षभर सराव करूनही गुण तिथल्या तिथे राहिलेले दिसतात. याचं कारण सरावाची पद्धत.

आधी प्रश्न वाचायचा की उतारा?

सुट्या, चार-पाच ओळींच्या प्रश्नांत आधी प्रश्न वाचा. काय शोधायचं हे कळल्यावर त्या ओळी वेगळ्या नजरेने वाचल्या जातात. क्लॅटसारख्या लांब उताऱ्याखाली चार-सहा प्रश्न असतील तर आधी उतारा. सगळे प्रश्न डोक्यात घेऊन वाचायला गेलात तर त्यातला एकही नीट लक्षात राहत नाही आणि उताराही निसटतो.

निष्कर्ष नेमका कोणता हे कसं ओळखू? "म्हणून"च्या पुढचं वाक्य घेतलं तरी चुकतं.

चुकणारच. हा उतारा पाहा:

"पेठांमधल्या अभ्यासिका रात्रभर उघड्या ठेवाव्यात अशी मागणी होते. ती योग्य नाही. रात्री बारानंतर तिथे मोजकेच विद्यार्थी बसतात आणि दिव्या-पंख्यांचा खर्च सगळ्यांच्या शुल्कातून जातो. त्यामुळे दिवसा येणाऱ्यांवर नाहक भार पडतो."

बरेच जण शेवटचं वाक्य निवडतात, कारण त्यात "त्यामुळे" आहे. पण प्रत्येक वाक्याला "कशावरून?" असं विचारून बघा. दिवसा येणाऱ्यांवर भार पडतो, कशावरून? खर्च सगळ्यांच्या शुल्कातून जातो यावरून. म्हणजे हे वाक्य निष्कर्ष आहे खरं, पण मधला. आता "मागणी योग्य नाही" याला विचारा, कशावरून? दिवसा येणाऱ्यांवर भार पडतो यावरून. आणि "मागणी योग्य नाही" हे वाक्य पुढे कुठल्या वाक्याला आधार देतं? कुठल्याच नाही. ज्याला बाकी सगळे आधार देतात आणि जे स्वतः कुणाला आधार देत नाही, ते मुख्य निष्कर्षाचं वाक्य. ते सुरुवातीला असू शकतं, मधे असू शकतं, "त्यामुळे" शिवाय असू शकतं.

आणखी एक. निष्कर्ष "ती योग्य नाही" इतका त्रोटक असला तर मनात तो पूर्ण वाक्यात उलगडा: "अभ्यासिका रात्रभर उघड्या ठेवू नयेत". पर्यायांमध्ये तो उलगडलेल्या रूपातच येतो. विभागातल्या निम्म्याहून अधिक चुकांचं मूळ इथे असतं असं माझं ठाम मत आहे. निष्कर्ष चुकला की पुढे गृहीतकही चुकतं, बळकटीही चुकते. म्हणून नवीन विद्यार्थ्यांनी पहिले दोन-तीन आठवडे पर्यायांकडे न बघता फक्त निष्कर्ष आणि त्याचे आधार वेगळे करण्याचा सराव करावा. हे कंटाळवाणं आहे, पण करा.

प्रश्नांचे प्रकार पंधरा-वीस सांगतात. सगळे पाठ करायचे का?

नावं पाठ करून फारसं हाती लागत नाही. प्रश्नाच्या शेवटच्या ओळीकडे एकाच नजरेने बघायला शिका: खरं कशाला मानायचं आणि तपासायचं कशाला?

काही प्रश्नांत उतारा खरा मानायचा आणि पर्याय तपासायचे. "उताऱ्यावरून काय निष्पन्न होतं", "लेखक कशाशी सहमत होईल", "मुख्य मुद्दा कोणता". इथे उताऱ्याबाहेरची नवी माहिती आणणारा पर्याय जवळपास नेहमी चूक.

इतर प्रश्नांत उलटं. "खालीलपैकी काय खरं असल्यास युक्तिवाद कमकुवत होतो" असं विचारलं की पर्याय खरे मानायचे आणि उताऱ्यातला युक्तिवाद तपासायचा. इथे बरोबर उत्तर बहुतेकदा नवी माहितीच आणतं. "हे उताऱ्यात कुठे आहे?" म्हणून तो पर्याय खोडणारे पहिल्या गटाचा नियम दुसऱ्या गटाला लावतात. हुशार मुलांचीही ही फार वेळा होणारी चूक आहे.

तर्कदोष, समांतर तर्क, वाक्याची भूमिका हे प्रश्न युक्तिवादाच्या बांधणीबद्दल असतात. तिथे विषय बाजूला ठेवून सांगाडा बघायचा.

गृहीतकाच्या प्रश्नात मी नेहमी अडकते. दोन पर्याय सारखेच वाटतात.

गृहीतक म्हणजे न बोललेला आधार. आधार आणि निष्कर्ष यांच्यामध्ये जी फट राहते, ती तिथे बसते. उदाहरण घेऊ.

"एका शाळेने मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटांचा वाचनाचा तास सुरू केला. वर्षभरात शाळेच्या ग्रंथालयातून घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या दुप्पट झाली. यावरून दिसतं की या तासामुळे मुलांना वाचनाची गोडी लागली."

आधारात काय आहे? पुस्तकं घरी नेली गेली. निष्कर्षात काय आहे? गोडी लागली, आणि तीही तासामुळे. म्हणजे फटी दोन. पुस्तक नेणं आणि वाचनाची गोडी यांत एक. तासानंतर वाढ आणि तासामुळे वाढ यांत दुसरी. पर्याय वाचण्याआधी फट स्वतः शोधा. ती सापडली की बरोबर पर्याय ओळखीचा वाटतो.

आता पर्याय. अ: वाचनाची गोडी लागलेल्या मुलांचे परीक्षेतले गुण वाढतात. ब: मुलांना वाचनाची गोडी लावण्याचा वाचनाचा तास हा सर्वांत चांगला उपाय आहे. क: एका वेळी किती पुस्तकं नेता येतील याची मर्यादा त्याच वर्षी वाढवल्यामुळे ही वाढ झालेली नाही. ड: इतर शाळांमध्ये वाचनाचा तास नाही.

अ आणि ड विषयापासून दूर आहेत. ब मोहात पाडतो, कारण तो वाचनाच्या तासाची स्तुती करतो आणि उताऱ्याचा सूरही तोच आहे. पण लेखकाला "सर्वांत चांगला" म्हणायची गरजच नाही. तास तिसऱ्या क्रमांकाचा उपाय असला तरी युक्तिवाद उभा राहतो.

इथे नकाराची कसोटी लावा. पर्याय उलटा करा आणि बघा युक्तिवाद टिकतो का. क उलटा केला तर: ही वाढ मर्यादा वाढवल्यामुळेच झाली. झालं, "तासामुळे" हा दावा कोसळला. ब उलटा केला तर: वाचनाचा तास सर्वांत चांगला उपाय नाही. मग? काहीच बिघडत नाही. म्हणून उत्तर क.

प्रश्नाचे शब्दही नीट बघा. "युक्तिवाद कशावर अवलंबून आहे" असं विचारलं तर आवश्यक गृहीतक हवं, आणि ते बरेचदा मवाळ शब्दांतलं असतं. "काय मानलं तर निष्कर्ष निश्चित सिद्ध होतो" असं विचारलं तर पुरेसं गृहीतक हवं, आणि ते कडक, "सर्व", "नेहमी" असं बोलणारं असलं तरी चालतं. नकाराची कसोटी पहिल्यासाठी आहे, दुसऱ्याला ती लावू नका.

सीईटीतल्या "विधान आणि गृहीतक"लाही हेच लागू होतं का?

हो, फक्त रूप छोटं असतं. विधान: "मुसळधार पावसाचा इशारा असल्याने नागरिकांनी नदीपात्रातल्या रस्त्यावर गाड्या लावू नयेत, असं आवाहन करण्यात आलं." गृहीतक १: पावसाने नदीचं पाणी त्या रस्त्यावर येण्याची शक्यता आहे. गृहीतक २: सर्व नागरिक हे आवाहन पाळतील. पहिलं अंतर्भूत आहे, ते उलटं केलं तर आवाहनाला अर्थच उरत नाही. दुसरं नाही, काही जण तरी ऐकतील एवढं धरणं पुरेसं आहे. "सर्व", "फक्त", "एकमेव" हे शब्द गृहीतकात दिसले की थांबा आणि तपासा.

"विधान आणि कृती" या प्रकारात मात्र व्यवहारज्ञान थोडं लागतं. समस्येशी थेट संबंध असलेली, अमलात आणता येईल अशी आणि नवी मोठी अडचण निर्माण न करणारी कृती योग्य धरली जाते. बंदी घाला, सगळं बंद करा, अशा टोकाच्या कृती सहसा अयोग्य.

युक्तिवाद बळकट किंवा कमकुवत करणारा पर्याय कसा निवडायचा?

गृहीतकाच्या वेळी पाहिली त्याच फटीत शोधून. बळकटी म्हणजे फट थोडी बुजवणं, कमकुवत करणं म्हणजे ती उघडी करणं.

"वनाज ते रामवाडी मेट्रो सुरू झाल्यानंतर या मार्गालगतच्या एका वाहनतळावर दुचाकींची संख्या बरीच घटली. म्हणजे या भागातले लोक दुचाकी घरी ठेवून मेट्रोने जाऊ लागले आहेत."

कमकुवत करणारं: त्याच सुमारास त्या वाहनतळाचं शुल्क वाढलं आणि शेजारच्या गल्ल्यांमध्ये उभ्या दुचाकींची संख्या वाढली. दुचाकी गेल्या कुठे, याचं दुसरं कारण मिळालं. बळकटी देणारं: मेट्रो न पोहोचलेल्या भागांतल्या तशाच वाहनतळांवर याच काळात संख्या घटली नाही. हा प्रकार लक्षात ठेवा, तुलना करणारं उत्तर पुन्हा पुन्हा येतं: कारण नाही तिथे परिणामही नाही. आणि फसवणारं: मेट्रोमुळे दुचाकीपेक्षा प्रदूषण कमी होतं. खरं असेल, आपल्याला पटतही असेल, पण लोक मेट्रोने जाऊ लागले की नाही या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

कमकुवत करणं म्हणजे खोटं ठरवणं नव्हे. पर्यायाने निष्कर्षावरचा विश्वास थोडा कमी झाला तरी पुरे. "पण तरीही काही लोक मेट्रोने जात असतील" असं म्हणून बरोबर पर्याय सोडून देऊ नका.

"तर" आणि "तरच" यांत गोंधळ होतो.

हा गोंधळ मिटवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण निम्मे अनुमानाचे प्रश्न याच पायावर उभे असतात.

आपल्याकडची म्हण घ्या: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नियम असा: आडात पाणी नसेल, तर पोहऱ्यात पाणी येणार नाही. यातून एक गोष्ट नक्की निघते: पोहऱ्यात पाणी आलं असेल, तर आडात पाणी आहे. दोन्ही बाजूंची अदलाबदल आणि दोन्हींना नकार, असं केलं की नियम तोच राहतो. पण पोहरा रिकामा आला म्हणून आड कोरडा आहे असं म्हणता येत नाही. दोर अपुरा पडला असेल, पोहऱ्याला भोक असेल. आणि आडात पाणी आहे म्हणून पोहऱ्यात येईलच असंही नाही. परीक्षेत चुकीचे पर्याय या दोन वाटांनीच येतात.

आता "तरच". समजा, नियम असा आहे: "खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली तरच शहराला वर्षभर रोज पाणी मिळेल." याचा अर्थ रोज पाणी मिळालं असेल तर चारही धरणं भरली होती. टेमघर भरलं नसेल तर रोज पाणी नाही. पण चारही भरली म्हणजे रोज पाणी मिळणारच, हे मात्र या वाक्यात नाही. रोजच्या बोलण्यात आपण ते गृहीत धरतो, परीक्षेत धरायचं नाही. इंग्रजी उताऱ्यात "ओन्ली इफ"च्या पुढची अट आवश्यक असते, आणि "अनलेस" दिसलं की मनात "जर नसेल तर" असं वाचा.

"काही", "बहुतेक", "सर्व" यांचा परीक्षेतला अर्थ काय?

"काही" म्हणजे किमान एक, आणि कदाचित सगळेसुद्धा. "काही विद्यार्थी बाहेरगावचे आहेत" यावरून "काही बाहेरगावचे नाहीत" असं निघत नाही. "बहुतेक" म्हणजे निम्म्याहून जास्त. अभ्यासिकेतले बहुतेक विद्यार्थी स्पर्धा परीक्षा देतात आणि तिथलेच बहुतेक विद्यार्थी बाहेरगावचे आहेत, तर किमान एक जण दोन्हींत बसतोच. निम्म्याहून मोठे दोन गट एकमेकांना चुकवू शकत नाहीत. तेच दोन्हीकडे "काही" असतं तर काहीच निघालं नसतं.

तर्कदोषांची यादी कुठवर लक्षात ठेवावी?

पुन्हा पुन्हा येणारे दोष मोजकेच आहेत आणि त्यातले बरेच आपल्या बोलण्यात आधीपासून आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ: दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं मानणं. परीक्षेत हा दोष सर्वांत जास्त दिसतो.

दुसरा, नमुन्याचा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत बसलेल्या पन्नास तरुणांना विचारून साऱ्या पुणेकरांचं मत सांगितलं तर ती परीक्षा होत नाही. नमुना सगळ्यांसारखा आहे का, हा प्रश्न विचारा.

तिसरा, टक्के आणि संख्या यांची गल्लत. एका क्लासचे गेल्या वर्षी १ आणि यंदा ३ विद्यार्थी राष्ट्रीय विधी विद्यापीठांत गेले, वाढ २०० टक्के. दुसऱ्याचे ४० वरून ६० झाले, वाढ ५० टक्के. पहिल्याचे विद्यार्थी जास्त यशस्वी, असा निष्कर्ष काढणारा उतारा दिसला तर दोष इथे आहे.

मुद्दा सोडून माणसावर घसरणं, निष्कर्षच आधार म्हणून परत सांगणं, आवश्यक अटीला पुरेशी समजणं, दोनच वाटा आहेत असं भासवणं, एवढे आणखी ओळखता आले तरी बहुतेक प्रश्न सुटतात. अडचण पर्यायांच्या भाषेची असते. ते दोषाचं नाव सांगत नाहीत, वर्णन करतात, तेही अवघड शब्दांत. प्रत्येक वर्णन उताऱ्याला लावून विचारा: लेखकाने खरंच असं केलं आहे का? केलं असेल, तर तो दोष आहे का? दोन्हींना "हो" आलं तरच उत्तर.

दोघांच्या संवादावर "मतभेद कशाबद्दल आहे" असं विचारतात. त्यात काय बघायचं?

यासाठी खरं उदाहरण पुण्याच्या इतिहासातच आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या शरीरसंबंधाला संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा केली. त्यावर टिळक आणि आगरकर विरुद्ध बाजूंना होते. टिळकांच्या मांडणीतला एक मुख्य धागा असा, की सामाजिक सुधारणा समाजातून व्हावी, परकीय सरकारने कायदा करून ती लादू नये. आगरकर कायद्याच्या बाजूने होते.

एवढाच उतारा दिला आणि विचारलं, मतभेद कशावर? "बालविवाह इष्ट आहेत का" हा पर्याय लगेच मनात येतो. पण वरच्या मांडणीत टिळक त्याबद्दल काही म्हणतच नाहीत. मतभेद आहे तो सरकारने या बाबतीत कायदा करावा का, यावर. कसोटी सोपी आहे: पर्यायाबद्दल पहिला काय म्हणेल, दुसरा काय म्हणेल? एकाचं "हो" आणि दुसऱ्याचं "नाही" उताऱ्यातल्या शब्दांवरून दाखवता आलं पाहिजे. एकाचं मत जरी उताऱ्यात नसेल तरी पर्याय बाद. इतिहासाची जास्त माहिती असलेली मुलं इथे हमखास फसतात, कारण ती उताऱ्याबाहेरचे टिळक-आगरकर आणतात.

विसंगती सोडवण्याचे प्रश्न?

दोन खऱ्या गोष्टी एकत्र कशा असू शकतात, एवढंच सांगायचं. खानावळीने थाळीचा दर वाढवला, तरी जेवणारे वाढले. "त्याच महिन्यात शेजारी नवं वसतिगृह सुरू झालं" हे दोन्हींना जागा देतं. "दरवाढीमुळे काही जुनी गिऱ्हाइकं गेली" याने कोडं आणखी घट्ट होतं. आणि दोनांपैकी एक गोष्ट खोटी पाडणारा पर्याय कधीच घेऊ नका.

समांतर तर्काला फार वेळ जातो.

इथे उताऱ्यासारखीच बांधणी असलेला पर्याय शोधायचा असतो. विषय काढून सांगाडा लिहा. "चिंच घातलेले सगळे पदार्थ आंबट असतात. हा आंबट नाही. म्हणून यात चिंच नाही." म्हणजे: सर्व अ हे ब, हे ब नाही, म्हणून अ नाही. मग पर्यायांचे फक्त निष्कर्ष वाचा. ज्याचा निष्कर्ष नकारात्मक आणि तितकाच ठाम नाही तो खोडा. दोन-तीन तिथेच गळतात. स्वयंपाकावरचा पर्याय दिसला म्हणून तो घेऊ नका. तरी वेळ लागत असेल तर खूण करून पुढे जा आणि शेवटी परत या.

बैठक व्यवस्था आणि नातेसंबंध?

कागदावर आकृती काढा, डोक्यात नको. निश्चित जागा सांगणारी माहिती आधी भरा, "अमुकच्या शेजारी नाही" ही शेवटी. नात्यांमध्ये पिढ्या आडव्या ओळींत मांडा. आपल्याकडे मामा, काका, आत्या, मावशी अशी वेगवेगळी नाती असल्याने मराठीत विचार केला तर नातं अचूक कळतं. इंग्रजी प्रश्नातला "अंकल" मात्र मामा, काका यांपैकी कुणीही असू शकतो, तिथे घाईने मामा ठरवू नका.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे. क्लॅटचा इंग्रजी उतारा वाचताना तर्क सुचतच नाही.

तर्क कच्चा आहे असं लगेच ठरवू नका. एक प्रयोग करा. चुकलेला उतारा घ्या, त्याचा निष्कर्ष आणि आधार मराठीत तीन ओळींत लिहा आणि मग पर्याय पुन्हा बघा. आता उत्तर आलं, तर अडचण भाषेची आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे. तरीही नाही आलं, तर वरचे प्रकार पुन्हा पक्के करा.

भाषेच्या अडचणीसाठी मोठाले शब्द पाठ करण्याआधी जोडशब्द पक्के करा: "हाउएव्हर", "नेव्हर्दलेस", "सिन्स", "दो", "अनलेस", "प्रिझ्युमेबली", "ॲट बेस्ट". युक्तिवाद कुठे वळतो ते हे शब्द सांगतात. "सिन्स"चा अर्थ "पासून" असा घेऊन वाचलं तर कारण सांगणारं वाक्य हातून जातं. रोज एक इंग्रजी संपादकीय वाचा आणि निष्कर्ष एका मराठी वाक्यात लिहा. मराठी वृत्तपत्रांतला वाचकांचा पत्रव्यवहारही सोडू नका. हेल्मेट, पाणीकपात, गणेशोत्सवातले ध्वनिवर्धक, या विषयांवरच्या पत्रांत फटी भरपूर सापडतात, आणि मातृभाषेत फट शोधायची सवय लागली की ती इंग्रजीतही दिसू लागते. सीईटी मराठीतूनही देता येते, हेही विसरू नका.

शेवटी दोन पर्याय उरतात आणि माझा हमखास चुकतो.

बरोबर पर्याय कसा हे शोधू नका. दोन्हींत चूक काय ते शोधा. चुकीच्या पर्यायात एखादाच शब्द घात करतो: "सर्व", "कधीच", "मुख्य कारण", किंवा उताऱ्यात "शहर" असताना पर्यायात "राज्य". दोन्ही पर्यायांतला फरक नेमक्या कोणत्या शब्दात आहे त्यावर बोट ठेवा आणि तो शब्द उताऱ्यात शोधा. अनुमानाच्या प्रश्नात मवाळ पर्यायाकडे झुका. बळकटी किंवा कमकुवतच्या प्रश्नात ठाम पर्यायाला घाबरू नका. तरी ठरत नसेल तर सीईटीत एक निवडून पुढे जा, तिथे रिकामं सोडण्यात काहीच फायदा नाही. क्लॅटमध्येही चारांपैकी दोन खात्रीने खोडले असतील तर अंदाज घेणं गणिताने फायद्याचं आहे.

रोज किती प्रश्न सोडवावेत?

आकड्यापेक्षा सोडवल्यानंतर काय करता ते महत्त्वाचं. वीस प्रश्न सोडवा आणि तेवढाच वेळ तपासणीला द्या. एक वही ठेवा. प्रत्येक चुकीपुढे प्रकार, तुम्ही निवडलेला पर्याय, तो का आवडला आणि तो कुठे मोडतो हे लिहा. "सिली मिस्टेक" असं लिहून पान उलटू नका, त्या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. बरोबर आलेले पण अंदाजाने सोडवलेले प्रश्नही वहीत घ्या. महिन्याने वही चाळली की चुका दोन-तीन जागीच साठलेल्या दिसतात, आणि मग अभ्यास त्या जागी करता येतो. वेळ लावून सराव करायला घाई नको. वेळ न लावता अचूकता आली की मग घड्याळ लावा.

क्लास लावलाच पाहिजे का?

नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच मिळतात, क्लॅटच्या मागच्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळावरही असतात. अभ्यासाला शिस्त लागत नसेल किंवा शंका विचारायला कुणीच नसेल तर क्लासचा उपयोग होतो. लावायचाच असेल तर आधी एक तास बसून बघा: शिकवणारे चुकीचे पर्याय का चूक आहेत हे समजावतात की फक्त बरोबर उत्तर सांगून पुढे जातात? नुसत्या क्लृप्त्या आणि "हा शब्द दिसला की हे उत्तर" असं शिकवत असतील तर पैसे वाचवा. क्लासपेक्षाही चांगलं म्हणजे एक अभ्यासाचा जोडीदार. दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिलेल्या प्रश्नावर भांडायचं, पण उताऱ्यातल्या शब्दांवर बोट ठेवून.

आपल्या न्यायदर्शनाचा, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राचा, यात काही उपयोग आहे का?

गुणांसाठी वेगळा अभ्यास करायची गरज नाही, पण गोडी असेल तर जरूर वाचा. "पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे" या प्रसिद्ध अनुमानात पुढे उदाहरण द्यावं लागतं: जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. धूर आणि अग्नी यांच्या या कायमच्या संबंधाला व्याप्ती म्हणतात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या पाच पायऱ्यांत ती उघड मांडावीच लागते. प्रवेश परीक्षेतला उतारा नेमकी तीच पायरी गाळतो आणि तुम्हाला विचारतो, गृहीतक कोणतं?

उत्तरतालिकेतलं उत्तर चूक वाटलं तर?

परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरतालिका येते आणि ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून हरकत घेता येते. हरकती निष्फळ असतात असं नाही: डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधल्या काही उत्तरांवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि उत्तरांमध्ये बदल करावे लागले. हरकत लिहिताना "मला असं वाटतं" किंवा "क्लासच्या तालिकेत वेगळं आहे" यावर थांबू नका. उताऱ्यातली ओळ द्या, प्रश्नाने नेमकं काय विचारलं ते लिहा, तालिकेतला पर्याय त्यातून का निघत नाही आणि तुमचा का निघतो हे दोन-तीन वाक्यांत मांडा. मुदत थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे परीक्षा झाल्या दिवशी घरी आल्यावरच शंका असलेले प्रश्न क्रमांकासह लिहून ठेवा.